टॉम एम्बोया : एक्याऐंशी जणांचे विमान

माझे गाव औंधपासून दोन-अडीच कोसांवर आहे. यमाईच्या डोंगरावरचे ते प्रसिद्ध चित्रसंग्रहालय मी शाळेच्या सहलीत दोनदा पाहिले, पण त्या संस्थानाच्या राजपुत्राचा आफ्रिकेशी काही संबंध असेल, हे कधी मनातही आले नव्हते. यंदा इतिहासाच्या प्रकल्पासाठी ग्रंथालयात बसलो, तेव्हा कळले की अप्पासाहेब पंत हे स्वतंत्र भारताचे पूर्व आफ्रिकेतले पहिले आयुक्त. १९४८ ते १९५४ ही वर्षे त्यांनी नैरोबीत काढली. त्याच काळात भारत सरकारच्या शिष्यवृत्त्यांवर तिकडची कृष्णवर्णीय मुले भारतात शिकायला येऊ लागली. गांधीजींच्या निधनानंतर तिथल्या भारतीयांनी सर्व वर्णांच्या मुलांसाठी एक महाविद्यालय काढण्याकरिता निधी गोळा केला. तो पुढे नैरोबीच्या रॉयल टेक्निकल कॉलेजला मिळाला, आणि त्याच कॉलेजातून आजचे नैरोबी विद्यापीठ उभे राहिले. हे सारे वाचता वाचता मी पंतांना सोडून दुसऱ्याच एका माणसापाशी येऊन थांबलो आणि प्रकल्पाची मुदत संपली तरी तिथून हललो नाही. त्या माणसाचे नाव टॉम एम्बोया. आपल्याकडे आज हे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही. निदान आपल्या महाविद्यालयात तरी ते ठाऊक व्हावे, म्हणून हा लेख.

टॉमचा जन्म १५ ऑगस्ट १९३० चा. तारीख आपल्या ओळखीची आहे, पण त्या दिवशी ना आपण स्वतंत्र होतो, ना केनिया. थिका गावाजवळ किलिमा म्बोगो नावाचा डोंगर आहे. त्याच्या परिसरात एका गोऱ्या मालकाचा घायपाताचा मळा होता. ज्याच्या पानांचा वाख काढून दोरखंड वळतात, तेच हे घायपात. आपल्या माळरानाच्या बांधावरही ते दिसते. टॉमचे वडील त्या मळ्यावर मुकादम होते. घराणे मूळचे व्हिक्टोरिया सरोवरातल्या रुसिंगा बेटावरचे, जमात लुओ. पण मळ्यावर किकुयू, कांबा, लुओ असे सगळ्याच जमातींचे मजूर शेजारी शेजारी राहत. त्यामुळे टॉमच्या कानावर लहानपणापासून चार भाषा पडल्या आणि त्या त्याला बोलता येऊ लागल्या. पुढे राजकारणात हीच त्याची मोठी शिदोरी ठरली, आणि एका अर्थी हीच त्याची अडचणही ठरली.

तेव्हाचा केनिया म्हणजे तीन मजली इमारत होती. वरच्या मजल्यावर मूठभर गोरे होते; थंड हवेची, सुपीक, उंचावरची जमीन त्यांच्यासाठी राखून ठेवलेली. मधल्या मजल्यावर आपले लोक होते. कुणी दुकानदार, कुणी रेल्वेतले कारकून, कुणी सुतार-गवंडी. आणि ज्यांचा तो देश होता ते तळमजल्यावर. शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे आणि एकाच कामाचे पगारही वेगळे. आपल्या लोकांनी तिथे निधी गोळा केला, तसा या मधल्या मजल्याचा फायदाही घेतला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

टॉम मिशनऱ्यांच्या शाळांत शिकला. नऊ-दहा वर्षांचा असतानाच घर सोडून दूरच्या शाळेत राहू लागला. काबा, याला आणि शेवटी मंगू येथील होली घोस्ट कॉलेज असे त्याच्या शिक्षणाचे टप्पे. मंगूची शाळा आफ्रिकन मुलांना मिळू शकणाऱ्या चांगल्या शाळांपैकी एक होती. मुलगा हुशार होता, वादविवादात चमकत होता. परंतु मागे धाकटी भावंडे होती आणि मुकादमाचा पगार सगळ्यांच्या फीला पुरणारा नव्हता. १९४७ अखेर टॉमने शाळा सोडली. नैरोबीजवळ काबेटे येथे स्वच्छता निरीक्षकांचा अभ्यासक्रम होता. तिथे फी तर नव्हतीच, उलट विद्यावेतन मिळत असे. टॉमने तो धरला. त्याला वकिलीची आवड होती की अर्थशास्त्राची, हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारला नसावा.

इथे मी पुस्तक मिटून ठेवले होते. माझी ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. बारावीला तिला माझ्यापेक्षा चांगले गुण होते आणि तिला इंग्रजी घेऊन बी. ए. व्हायचे होते. पण त्या वर्षी विहिरीने तळ गाठला होता. आरोग्यसेविकेच्या अभ्यासक्रमाला विद्यावेतन मिळते, असे कुणीतरी सांगितले आणि ताई तिकडे गेली. आज ती एका उपकेंद्रात बाळांना लस टोचते आणि मी शिष्यवृत्तीवर कला शाखेच्या तिसऱ्या वर्षात आहे. तिने याबद्दल कधी एक शब्द काढलेला नाही. टॉमचे पुढे काय झाले, हे मला म्हणूनच शेवटपर्यंत वाचावे लागले.

१९५१ साली टॉम नैरोबी नगरपालिकेत निरीक्षक म्हणून कामाला लागला. गोऱ्या निरीक्षकाच्या पगाराच्या जेमतेम पाचवा हिस्सा त्याला मिळे. एक प्रसंग त्याने स्वतः पुढे लिहून ठेवला आहे. तो कचेरीत एकटाच दुधाचे नमुने तपासत बसला होता. एक गोरी बाई दुधाची बाटली घेऊन आत आली, तिने इकडेतिकडे पाहिले आणि इथे कुणी आहे का, असे विचारले. टॉम समोरच उभा होता. त्याने तिला तिच्या डोळ्यांत काही दोष आहे का, असे उलट विचारले. बाईने त्याच्या उद्धटपणाची तक्रार केली. आपल्या समाजात समोरचा माणूस न दिसण्याचा हा रोग नवा नाही, त्यामुळे हा प्रसंग आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

टॉमने रागाचे काय केले, हे मात्र पाहण्यासारखे आहे. त्याने माणसे जमवली. नगरपालिकेच्या आफ्रिकन नोकरांची एक सामान्य संघटना होती, तिची त्याने १९५२ मध्ये रीतसर मजूर संघटना केली. रात्री टपालाने अर्थशास्त्राचे धडे मागवून तो अभ्यास करी. त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारने आणीबाणी पुकारली. किकुयू शेतकऱ्यांचे माऊ माऊ बंड पेटले होते. जोमो केन्याटा आणि इतर पुढाऱ्यांना पकडले गेले, राजकीय पक्षांवर बंदी आली. बोलण्याची एकच जागा उरली, ती म्हणजे मजूर संघटना. १९५३ मध्ये केनियाच्या मजूर महासंघाचे सरचिटणीसपद टॉमकडे आले. त्या वेळी त्याचे वय अवघे २३ होते. आपल्या वर्गातल्या काही मुलांचे तेवढे वय आहे. इथून पुढे मात्र त्याला अहो-जाहो म्हणायला हवे.

१९५४ च्या एप्रिलमध्ये इंग्रज सैन्याने नैरोबीला वेढा घालून हजारो किकुयू पुरुषांना छावण्यांत डांबले. त्यांत कामगार पुढारीही होते. एम्बोया लुओ असल्याने बाहेर राहिले आणि बाहेर राहून त्यांनी या अन्यायाची तक्रार जगभरच्या कामगार संघटनांकडे पोचवली. पुढच्या वर्षी मोंबासा बंदरातल्या गोदी कामगारांनी संप केला. वातावरण तापले होते, दंगलीची भीती होती. एम्बोया तिथे गेले, कामगारांना कामावर परतवले आणि त्यांची बाजू वाटाघाटींत अशी मांडली की सुमारे ३३ टक्के पगारवाढ पदरात पडली. बंदुका रोखलेल्या देशात टेबलाशी बसूनही काही मिळवता येते, हे लोकांनी तेव्हा पाहिले. शांतता राखणे म्हणजे गप्प बसणे नव्हे, हा धडा मी एम्बोयांच्या चरित्रातून घेतला.

या कामाकडे पाहून त्यांना ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात एक वर्ष शिकण्याची शिष्यवृत्ती मिळाली. रस्किन हे कामगारांसाठी काढलेले कॉलेज. ज्यांची शाळा अर्धवट सुटली पण जे काम करून पुढे आले, अशांसाठी त्याचे दार उघडे असे. १९५५-५६ हे वर्ष एम्बोयांनी तिथे राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि औद्योगिक संबंधांच्या अभ्यासात घालवले. त्यांच्या हाती काही मोठी पदवी आली नाही. पण वाचायला वेळ मिळाला, बरोबरीच्या नात्याने वाद घालायला माणसे मिळाली आणि केनियाच्या प्रश्नावर एक पुस्तिका लिहून झाली. परतण्यापूर्वी ते अमेरिकेचा दौराही करून आले. तिथल्या कामगार महासंघाने नैरोबीत कामगार भवन बांधण्यासाठी ३५ हजार डॉलर दिले. न्यूयॉर्कमध्ये त्यांची विल्यम शाइनमन या तरुण उद्योजकाशी ओळख झाली. विमानांच्या सुट्या भागांचा त्याचा धंदा होता. या ओळखीतून पुढे काय घडणार होते, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

मार्च १९५७ मध्ये आफ्रिकन लोकांना प्रथमच आपले प्रतिनिधी विधिमंडळात निवडून पाठवता आले. एम्बोया नैरोबीतून निवडून आले. डिसेंबर १९५८ मध्ये घानाची राजधानी आक्रा येथे एन्क्रुमांच्या पुढाकाराने अखिल आफ्रिकी जनपरिषद भरली; खंडभरचे पुढारी तिथे आले होते आणि अध्यक्षपदी होते २८ वर्षांचे एम्बोया. वसाहती जाणार, हे आता उघड दिसत होते. पण गोरे गेले तर दुसऱ्या दिवशी कचेरी कोण चालवणार? इस्पितळे, धरणे, न्यायालये, शाळा कोण सांभाळणार? केनियात पूर्ण विद्यापीठ नव्हते. साऱ्या पूर्व आफ्रिकेला मिळून युगांडातले मकेरेरे हे एक कॉलेज, आणि नैरोबीत नुकतेच उघडलेले टेक्निकल कॉलेज. विलायतेला जाणारे बोटांवर मोजण्याइतके. माणसे तयार नाहीत म्हणून स्वातंत्र्य नाही, आणि शिकायची सोय नाही म्हणून माणसे तयार नाहीत, असे ते चक्र होते.

एम्बोयांनी चक्र एका जागी तोडायचे ठरवले. १९५९ च्या वसंतात ते पुन्हा अमेरिकेला गेले आणि काही आठवडे गावोगावच्या कॉलेजांत भाषणे देत फिरले. भाषण संपले की ते कॉलेजकडे एकच मागणी करत : एका तरी मुलाची फी माफ करा. लहानमोठ्या अनेक कॉलेजांनी होकार दिला. पण फी माफ झाली तरी नैरोबीहून अमेरिकेला जायचे कसे? विमानाचे भाडे कुणालाच परवडणारे नव्हते. तेव्हा शाइनमन आणि मित्रांनी एक संस्था स्थापन केली. बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन, गायक हॅरी बेलाफॉन्टे आणि नट सिडनी पॉइटिए या तिघा कृष्णवर्णीय नामवंतांनी वर्गणीसाठी जाहीर आवाहन केले. सामान्य लोकांनी पाच-दहा डॉलर पाठवले. त्यातून एक अख्खे विमान भाड्याने घेण्यात आले.

इकडे केनियात मुलांची निवड एम्बोया आणि त्यांचे सहकारी करत होते. त्यांत अमेरिकेत शिकून डॉक्टरेट मिळवलेले गिकोन्यो किआनो होते. निवड झाली तरी हातखर्चाची रक्कम मुलाला स्वतः उभी करावी लागे. मग गावात चहापान ठेवले जाई, पाहुणे जमत आणि जाताना नाणी ठेवून जात. कुणी शेळी विकली, कुणी गाय विकली. आपल्याकडे लग्नात अहेर करतात, तसा शिक्षणाला अहेर करणारी ती गावे होती. सप्टेंबर १९५९ मध्ये ८१ विद्यार्थ्यांना घेऊन पहिले विमान न्यूयॉर्कला उतरले. वसाहत सरकारला हे मुळीच आवडले नव्हते. अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांचा दर्जा हलका आहे, अशी त्यांची तक्रार होती. ज्यांनी साठ वर्षांत एक विद्यापीठ उभारले नाही, त्यांना अचानक दर्जाची काळजी वाटू लागली होती.

दुसऱ्या वर्षी अर्ज वाढले, पैसा कमी पडला. अमेरिकी परराष्ट्र खात्याने आधी नकार दिला. तेव्हा २६ जुलै १९६० रोजी एम्बोयांनी अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडी यांची भेट घेतली. युद्धात मृत्यू पावलेल्या थोरल्या केनेडीच्या नावे त्या घराण्याची संस्था होती, तिने एक लाख डॉलर दिले. मग प्रतिपक्षाला जाग आली. उपाध्यक्ष निक्सन यांच्या खटपटीने तेच परराष्ट्र खाते पैसे द्यायला पुढे सरसावले. निवडणुकीच्या धामधुमीत बऱ्याच चिखलफेकीचा विषय झालेला हा पैसा असला, तरी त्यावर त्या सप्टेंबरात सुमारे अडीचशे मुलेमुली उडाली. १९६३ पर्यंत अशा रीतीने गेलेल्यांची संख्या आठशेच्या घरात पोचली. बहुतेक केनियाची, काही शेजारच्या देशांची. पहिल्याच विमानात पामेला ओडेडे ही तरुणी होती; ओहायोतल्या एका मुलींच्या कॉलेजात शिकून ती परतली आणि १९६२ च्या जानेवारीत एम्बोयांशी तिचा विवाह झाला. तिचे वडील आणीबाणीत कित्येक वर्षे स्थानबद्ध होते.

इथवर कथा गोड आहे. पण केवळ गौरव करून थांबलो तर मी माझ्या वाचकांना फसवल्यासारखे होईल. शिष्यवृत्ती कधीच नुसती शिष्यवृत्ती नसते. देणाऱ्याचा हात दिसत नसला तरी असतोच. तो काळ अमेरिका आणि रशिया यांच्या शीतयुद्धाचा होता. एम्बोया पश्चिमेला मुले पाठवत होते, तर त्यांच्याच लुओ जमातीचे ज्येष्ठ पुढारी ओगिंगा ओडिंगा मॉस्को-प्रागकडे पाठवत होते. एका घरातला मुलगा अमेरिकेत, शेजारचा रशियात. दोघेही परतले तेव्हा एकमेकांकडे संशयाने पाहणारे. एम्बोयांना त्यांचे विरोधक अमेरिकेचा माणूस म्हणून हिणवत. देशबांधणीसाठी केलेली ही धडपड देशातल्या दुहीचाही एक धागा बनली.

१९६० मध्ये केनिया आफ्रिकी राष्ट्रीय संघ, म्हणजे कानू हा पक्ष स्थापन झाला आणि एम्बोया त्याचे सरचिटणीस झाले. १९६२ मध्ये ते मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी मालक, कामगार आणि सरकार यांच्यात औद्योगिक संबंधांची एक सनद झाली. संपाआधी बोलणी व्हावीत, हे तिचे सूत्र. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. प्रथम न्याय व घटना आणि नंतर अर्थनियोजन व विकास ही खाती एम्बोयांकडे आली. १९६५ साली आफ्रिकी समाजवादावर सरकारचा जो प्रसिद्ध दस्तऐवज निघाला, त्यामागे प्रामुख्याने त्यांचीच बुद्धी होती. जिथे पाऊस, रस्ते आणि सुपीक जमीन आहे तिथे आधी पैसा घालावा, म्हणजे उत्पन्न लवकर वाढेल आणि मग ते इतरांना वाटता येईल, असा त्यातला एक विचार होता. हिशेब कागदावर बरोबर होता. पण मागास भाग मागासच राहिले, हा दोष त्या धोरणाला आजही दिला जातो. माण-खटावच्या दुष्काळी टापूत वाढलेल्या माणसाला तो दोष चटकन समजतो.

याच दस्तऐवजावर त्याच वर्षी एका तरुण अर्थतज्ज्ञाने नियतकालिकात खरमरीत टीका लिहिली. त्याचे नाव बराक ओबामा. हाही लुओच, १९५९ मध्ये हवाईला शिकायला गेलेला. पहिल्या विमानात तो नव्हता, पण एम्बोयांचा त्याला आधार होता आणि दोघांत स्नेह होता. त्याचाच मुलगा २००९ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र बापाचा तो लेख जास्त मोलाचा वाटतो. ज्याने मदत केली त्याचेच चुकले, तर तसे सांगायची हिंमत ज्या शिक्षणाने येते, ते शिक्षण वाया गेले नाही.

एम्बोयांच्या हातून झालेल्या गोष्टींत एक डागही आहे. १९६६ मध्ये लिमुरू येथे भरलेल्या पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी अशी काही रचना केली की ओडिंगांचे पद गेले आणि त्यांना पक्षाबाहेर पडावे लागले. कामगारांच्या हक्कासाठी झगडलेला माणूस आता सत्तेच्या बाजूने डाव टाकत होता. आपल्या बुद्धीने ओडिंगांना हटवले की वाट मोकळी होईल, असे त्यांना वाटले असेल. प्रत्यक्षात केन्याटांच्या निकटच्या मंडळींना आता एकच प्रतिस्पर्धी उरला आणि तो म्हणजे एम्बोया स्वतः. याआधी २४ फेब्रुवारी १९६५ रोजी पिओ गामा पिंटो यांचा नैरोबीत खून झाला होता. पिंटो गोमंतकीय वंशाचे. गोवा मुक्तीच्या चळवळीतही त्यांनी भाग घेतला होता आणि केनियात ते ओडिंगांच्या गटाचे होते. एम्बोया आणि पिंटो हे परस्परविरुद्ध गोटांत होते. स्वतंत्र केनियाने चार वर्षांच्या अंतराने दोघांनाही सारखेच गमावले.

५ जुलै १९६९, शनिवार. एम्बोया आदिस अबाबाहून नुकतेच परतले होते. दुपारी एकच्या सुमारास ते गव्हर्न्मेंट रोडवरच्या, भारतीय वंशाच्या परिचितांच्या औषधांच्या दुकानात गेले. खरेदी करून बाहेर आले आणि दारातच त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. इस्पितळात नेईपर्यंत सारे संपले होते. वय ३८. मारेकरी एक किकुयू तरुण होता. खटला चालला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला फाशी झाली. त्याच्यामागे कोण होते, ते आजतागायत सिद्ध झालेले नाही. ज्या माणसाने मळ्यावर सर्व जमातींच्या भाषा शिकल्या आणि नैरोबीसारख्या मिश्र शहरातून निवडणुका जिंकल्या, त्याच्या मृत्यूने लुओ आणि किकुयू यांच्यात दरी पाडली. ऑक्टोबरात किसुमू शहरात केन्याटांच्या दौऱ्यात जमाव खवळला, गोळीबार झाला, अनेक जण मेले. पाठोपाठ ओडिंगांच्या पक्षावर बंदी आली आणि ते स्थानबद्ध झाले. एम्बोयांना रुसिंगा बेटावर, वाडवडिलांच्या मातीत पुरण्यात आले.

मग त्या विमानांचे काय झाले? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. एवढी धडपड, एवढी माणसे, आणि शेवटी रस्त्यावर रक्त. परंतु १९६० च्या विमानात न्येरीकडची एक वीस वर्षांची मुलगी होती, वांगारी तिचे नाव. ती कॅन्सस राज्यातल्या एका लहान कॅथलिक कॉलेजात जीवशास्त्र शिकली, पिट्सबर्गला पुढचे शिक्षण घेतले आणि १९७१ मध्ये नैरोबीत डॉक्टरेट मिळवली. १९७७ मध्ये तिने खेड्यातल्या बायकांना रोपे लावायला शिकवणारी हरित पट्टा चळवळ सुरू केली. सरपण आणि पाणी संपले की गावे भांडू लागतात, म्हणून झाड लावणे हे शांततेचे काम आहे, असा तिचा साधा हिशेब होता. १९८९ मध्ये नैरोबीतल्या उद्यानात सरकार साठ मजली मनोरा बांधू पाहत होते, तेव्हा ती एकटी विरोधात उभी राहिली. तिने मार खाल्ला, तुरुंग पाहिला. लावलेली झाडे तीन कोटींवर गेली. २००४ साली वांगारी मथाई यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन स्त्री. २०११ मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात, जिथे एम्बोयांना गोळ्या लागल्या त्या जागेजवळ त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

सगळेच वांगारी झाले नाहीत. आठशेंपैकी कुणी मंत्री झाले, कुणी प्राध्यापक, कुणी डॉक्टर. कुणी परतलेच नाहीत आणि कुणी सत्तेत बसून देशाला लुटायलाही मागे राहिले नसतील. विमानाचे तिकीट देणारा माणूस उतरणाऱ्याच्या मनाची हमी देऊ शकत नाही. तरीही तिकीट द्यावे लागते. एम्बोयांचे मोठेपण मला एवढ्यातच दिसते. स्वतःची शाळा फीपायी सुटली, तेव्हा त्यांनी जगावर रुसून न बसता आपली सुटलेली जागा दुसऱ्या आठशे जणांना मिळवून दिली. स्वतःला मिळालेले रस्किनचे एक वर्ष त्यांनी एकट्याच्या खात्यात जमा केले नाही.

आपण सारे कुठल्या ना कुठल्या शिष्यवृत्तीवर, सवलतीवर किंवा कुणाच्या तरी न बोललेल्या त्यागावर इथे बसलो आहोत. अर्ज भरताना उत्पन्नाचा दाखला लागतो, जातीचा लागतो, गुणपत्रिका लागते. ही मिळालेली रक्कम पुढे कुणाला पोचवणार, असा रकाना मात्र त्यात नसतो. तो आपणच मनात भरायचा असतो.

मी माझ्यापुरता भरला आहे. या जूनमध्ये माझ्या शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा का होईना, पण एकदम जमा झाली. त्यातून मी मुक्त विद्यापीठाची बी. ए. च्या पहिल्या वर्षाची फी भरली, ताईच्या नावाने. ती आधी रागावली. मग तिने पुस्तके उघडून पाहिली आणि इंग्रजीचे पुस्तक बाजूला काढून ठेवले. आता लसीकरणाचा दिवस नसेल त्या संध्याकाळी ती उपकेंद्राच्या ओट्यावर वाचत बसते. रात्री टपालाने आलेले धडे वाचणाऱ्या स्वच्छता निरीक्षकाची गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही. हा अंक हातात आला की तिला तो घेऊन जाणार आहे.